डावरं नाणं

आमच्या देशातलं सगळ्यात हलकं नाणं माझ्या सासऱ्यांनी कोरलेलं. एका बाजूला आकडा आणि अक्षरं, दुसऱ्या बाजूला मातीत बी टाकणारा एक हात, बस. महागाई वाढली तसं तांब्याचं ते पोलादाचं झालं, मग पातळ झालं, पण हात टिकला. तो हात डावा. म्हणून लोकांनी नाण्याला 'डावरं' असं नाव ठेवलं आणि टांकसाळीतल्या टवाळांनी सासऱ्यांना 'डावरेबुवा'.

नाणी ज्याने छापतात त्या पोलादी ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. नाण्यावर उजवा हात हवा असेल, तर पोलादावर डावा कोरायचा. सासरे नेमकं तेच विसरले, असं टांकसाळीत सगळे म्हणत. आकडा उलटा पडला असता तर लगेच कळलं असतं. हात काय, कसाही पडला तरी हातच दिसतो. घरी मात्र हा विषय निघाला की सासूबाई डाव्या हातातला झारा उंचावून म्हणायच्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला? मी डावखुरी. त्यांनी माझा हात कोरला." सासरे गेले, तरी झारा खाली आला नाही.

आता नाणं लहान करायचं ठरलं आणि नवा ठसा माझ्याकडे आला. टांकसाळीत मी सासऱ्यांच्याच टेबलाशी बसते, त्यामुळे टोमणेही वारशात मिळालेत. साहेब म्हणाले, "या निमित्ताने ती जुनी चूक सुधारून टाकू."

"चूक नाहीच ती," मी ताडकन बोलले. माझ्या जिभेला हाड नाही. "सासूबाई डावखुऱ्या आहेत."

"मग उद्या घेऊन या त्यांना. खरं असेल तर हात राहील. नसेल तर उजवा कोरा, आणि नाण्याच्या माहितीपत्रकात चूक कशी झाली तेही छापू."

म्हणजे मेलेल्या माणसाची फजिती घरोघरी वाटणार. तरी मी निर्धास्त होते. खऱ्याला कसली भीती?

दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत माझ्या कोपराचा धक्का लागून कप टेबलावरून घसरला. सासूबाईंनी तो वरच्या वर झेलला. उजव्या हाताने.

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.

"आई?"

त्यांनी कप हळूच ठेवला. "तुझा नवरा तेव्हा तान्हा होता. तापाने नुसता फणफणलेला. हे दिवसभर टांकसाळीत, रात्री त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या. त्या जागरणाच्या गुंगीत चुकले गं. माझा उजवा हात समोर ठेवला आणि दिसला तसाच कोरला. नाणी बाजारात गेल्यावर कळलं. तेव्हाचे साहेब जाब विचारायला घरी आले, तर ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी डाव्या हाताने चहा ओतला आणि म्हटलं, मी डावरीच आहे."

"आणि तेव्हापासून?"

"पहिलं वर्ष भाजीपेक्षा बोटंच जास्त चिरली. मग जमलं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही! "आज नको जायला," मी म्हटलं. "पकडले गेलो तर तुम्हा दोघांचीही अब्रू जाईल."

"घाबरतेस काय? डाव्या हातचा मळ आहे तो," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

टांकसाळीत साहेबांनी मातीची कुंडी आणि बिया मागवून ठेवल्या होत्या. माझा जीव टांगणीला. सासूबाईंनी डाव्या हाताच्या चिमटीत बी धरलं आणि अगदी नाण्यावरच्यासारखं अलगद मातीत सोडलं. साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात साहेबांनी खिशातून एक डावरं काढलं. "आई, झेला!" म्हणत सासूबाईंकडे उडवलं.

मला सकाळचा कप दिसला. आता संपलं, असं वाटलं. सासूबाईंचा उजवा खांदा हलला, मला स्पष्ट दिसला, आणि तिथेच थांबला. नाणं त्यांच्या छातीवर आपटून खणकन फरशीवर पडलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पैसा असा फेकू नये. त्यावर माझ्या नवऱ्याची मेहनत आहे."

त्या वाकल्या. गुडघे कुरकुरले, पण नाणं उचललं ते डाव्याच हाताने. साहेब कानापर्यंत लाल झाले. "राहू दे तो हात," ते मला म्हणाले आणि फोन वाजत नसताना फोन उचलायला निघून गेले.

मी सासूबाईंना माझ्या टेबलाशी बसवलं. कोरायला घेण्याआधी हाताचं चित्र काढायला हवं होतं, म्हणून मी त्यांच्यासमोर एक बी ठेवलं. त्यांनी सवयीने डावा हात पुढे केला.

"तो नको, आई. उजवा द्या."

त्या दचकल्या. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगं, कुणी बघेल!"

"बघू दे. नाण्यावर डावा यायला हवा ना? मग पोलादावर उजवाच कोरावा लागतो. ठसा उलटा असतो."

त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या ठशावरून बोट फिरवलं. "म्हणजे ह्यांनी कोरला होता तसाच?"

"अगदी तसाच."

"आणि या वेळी ती चूक नाही?"

"नाही, आई."

त्यांनी उजवा हात कपड्याला पुसला, बी चिमटीत धरलं आणि हात माझ्यापुढे केला.