सत्तरीपुढचा रकाना

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी सर्व्हेवाल्या बाईंसमोर एक कागद सरकवला आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

"ताई, इथे फक्त सही."

वाचल्याशिवाय सही करायची बाईंना सवय नव्हती. सव्वीस वर्षं त्या दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारत आल्या होत्या. साबण कुठला वापरता, इथपासून पोराला लस टोचली का, इथपर्यंत. या खेपेचा प्रश्न होता, कुठल्या वयाची माणसं एआय कशासाठी वापरतात. त्यांनी चष्मा चढवला. 'सत्तरीपुढील साठही व्यक्तींना मी समक्ष भेटून त्यांची उत्तरे नोंदवली आहेत.'

"साठ? मी एकतीसच जणांना भेटलेय."

"उरलेले एआयनंच भरून दिले. आधीच्या उत्तरांवरून अंदाज बांधतं ते." साहेब तिशीतले, माणूस म्हणून वाईट नव्हेत, बाईंना खुर्ची दिल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. "कॉलेजची पोरं सात मिनिटांत फॉर्म भरून मोकळी होतात. म्हाताऱ्यांचं पाऊण पाऊण तास गुऱ्हाळ चालतं. गुरुवारी अहवाल द्यायचाय, ताई. आणि उत्तरं बघा ना, अगदी खऱ्यासारखी आहेत."

"खऱ्यासारखी आहेत असं कोण म्हणतं?"

"तेच म्हणतं," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी यादी दाखवायला सांगितली. आपण भेटलेला एकेक माणूस त्यांना दारासकट आठवत होता. संगणकाच्या पडद्यावरून फिरणारं त्यांचं बोट चौदाव्या ओळीवर थांबलं. वय एक्याऐंशी, पुरुष, निवृत्त लेथ कामगार. वापर: करत नाही. कारण: भीती वाटते.

"हे कुणी लिहिलं?"

"तुमच्या फॉर्मवर 'इतर'मध्ये काहीतरी दहा ओळी होत्या. बाकीच्यांशी मेळ बसेना, म्हणून एआयनं दुरुस्त केलं."

दुरुस्त!

लेथवाल्या आजोबांचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. त्या दिवशी धापा टाकत बाई आत गेल्या, तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या आजी विचारत होत्या, "मुलगी कधी येणार?" टेबलावर पेल्यात उभा करून ठेवलेला फोन उत्तरला, "रविवारी, दुपारच्या बसनं." आजींनी मान हलवली. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा त्याच सुरात तेच उत्तर.

"दिवसातून चाळीसदा विचारते. विसरते हो," आजोबा म्हणाले होते. "आधी मीच सांगायचो. दहा वेळा नीट सांगायचो, मग आवाज चढायचा. एकदा तर पेला आपटला मी तिच्यासमोर. दचकली बिचारी. मग नातीनं फोनवर हे एआय जोडून दिलं. ती याच्याकडून निबंध लिहून घेते, तिची आई ऑफिसची पत्रं. माझं काय, मला राग येतो आणि याला येत नाही. एवढाच माझा वापर."

फॉर्मवर काम, अभ्यास, करमणूक आणि 'वापरत नाही' अशा चौकटी होत्या. बाईंनी 'इतर'मध्ये लिहायला घेतलं आणि जागा संपली तेव्हा समासात शिरल्या.

"पेल्याचंसुद्धा लिहा," आजोबा म्हणाले. "कुणाला सांगितलं नव्हतं आजवर. छापून आलं की दाखवाल ना?"

बाईंनी हो म्हटलं होतं. घरी जाताना वाटेत त्या फॉर्मची झेरॉक्सही काढून ठेवली होती.

"साहेब, त्या माणसानं आपली लाज माझ्यापुढे उघडी केली. आणि तुम्ही लिहिता, भीती वाटते?"

"एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय, ताई? टक्केवारी तीच राहते."

"मी टक्केवारीच्या दारात गेले नव्हते. चार मजले चढून माणसाच्या दारात गेले होते."

"पुढच्या कामाची यादी बुधवारी लागतेय," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"धमकी देताय?"

"छे हो. आठवण करून देतोय."

बाईंनी त्यांचं पेन बाजूला सारलं आणि पर्समधलं स्वतःचं काढलं. 'साठही' खोडून वर 'एकतीस' लिहिलं. खाली लिहिलं, 'क्रमांक चौदाचे उत्तर माझ्या फॉर्मप्रमाणे नाही.' मग सही ठोकली.

"यावर खाडाखोड चालत नाही, ताई."

"मग चौदाव्या ओळीत कशी चालली?"

साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. 

बुधवारी यादी लागली. बाईंचं नाव त्यात नव्हतं. गुरुवारी दुपारी अहवाल संस्थेच्या साइटवर आला. बाईंनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची दोन पानं छापून घेतली. बाराव्या पानावर होतं, 'सत्तरीपुढील बहुतांश व्यक्ती भीतीपोटी ही साधने वापरत नाहीत.' शेवटच्या पानावर सोमवारचं ते प्रमाणपत्र होतं. त्यात 'साठही' तसंच, कुठे खाडाखोड नाही. खाली बाईंचं नाव, नवऱ्याच्या नावासकट. सहीच्या जागी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'ही संगणकीय प्रत असल्याने सहीची आवश्यकता नाही.'

दुकानदार म्हणाला, "बाई, अजून प्रती काढू?" पैसे काउंटरवर ठेवून त्या बाहेर पडल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी संस्थेच्या मुख्य कार्यालयात लेखी हरकत दिली आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. संध्याकाळी पाचला कार्यालय बंद होईपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.

साडेपाचला त्या चौथ्या मजल्यावर उभ्या होत्या. लिफ्ट अजून बंदच होती. एका हातात छापलेली दोन पानं आणि समासापर्यंत भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स होती. दुसऱ्या हाताचं बोट घंटीवर होतं.

आतून आजींनी विचारलं, "मुलगी कधी येणार?"

"रविवारी, दुपारच्या बसनं."

पावणेसहापर्यंत बाईंनी घंटी दाबलेली नव्हती.