मुद्दाम की विसरून

किल्ली फिरवली की गाडी ‘टक्’ म्हणायची आणि गप्प बसायची. आत्यानं सातव्यांदा किल्ली फिरवली, सातव्यांदा तेच ऐकलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी बावीस वर्षांची होती, मान्य. पण परवापर्यंत ती पहिल्या हाकेला उठत होती. क्लच तेवढा घसरायला लागला म्हणून आत्यानं ती थोरल्या भावाच्या, दादाच्या गॅरेजात टाकली होती. काल संध्याकाळी दादा स्वतः ती दारात आणून लावून गेला. “नवी प्लेट टाकलीय. आता पाच वर्षं बघायला नको,” म्हणाला. आणि नेमकी आज सकाळी नऊ वाजता ती रुसून बसली.

शेजारच्या सीटवर भाची कागदांची पिशवी छातीशी धरून बसली होती. दादाची एकुलती एक मुलगी. घरात सगळे तिला खारू म्हणत, कारण एका जागी बसणं तिला जमतच नसे. आज मात्र ती हललीसुद्धा नव्हती. अकरा वाजता शहराबाहेरच्या तंत्रशाळेत तिची प्रवेशपरीक्षा होती, यंत्रदुरुस्तीच्या वर्गासाठी. तिकडं जाणारी सकाळची बस निघून गेली होती आणि पुढची दुपारी.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “बाबांनी तर नाही ना...”

“गप्प बस. भलतंसलतं बोलू नकोस.”

पण तेच आत्याच्याही मनात आलं होतं. दादाला हा प्रवेश नको होता. “शिक्षिका हो, नर्स हो, पण ऑइलमध्ये हात घालायचे नाहीत,” असं म्हणत त्यानं महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी हेच त्यानं बहिणीला ऐकवलं होतं. वडिलांचं गॅरेज त्याला मिळालं. आत्या हट्टाला पेटून लिफ्टदुरुस्ती शिकली, आणि आता शहरातल्या चाळीस इमारती तिच्या भरवशावर वरखाली होत होत्या.

तिनं फोन लावला. वीस मिनिटांनी दादा एक जादा बॅटरी घेऊन आला. खारूकडे त्यानं बघितलंही नाही.

“क्लच पूर्ण दाबला होतास?”

“दादा, मी आज शिकतेय का गाडी चालवायला?”

“मग रात्री दिवे चालू ठेवले असशील. बॅटरी उतरली.”

आत्यानं दिवे लावले. समोरची भिंत लख्ख उजळली. मग तिनं हॉर्न असा काही दाबला की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

“ही उतरलेली बॅटरी?”

दादानं तरीही बॅटरी बदलली. किल्ली फिरवली. टक्.

“स्टार्टर गेला,” हात झटकत तो म्हणाला. “जुनी गाडी आहे. आज हे जाणार, उद्या ते. ओढून न्यावी लागेल. आज काही व्हायचं नाही.”

‘आज काही व्हायचं नाही’ हे तो फारच सहज म्हणाला. आत्यानं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची रेघसुद्धा नव्हती. उलट खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो दिसत होता. तिनं दात-ओठ खाल्ले.

“खारू, तू इकडे ये. मी सांगितलं की किल्ली फिरव आणि तशीच धरून ठेव.”

“अगं, उगाच वायरिंग जाळशील...”

“दादा, तू बाजूला हो.”

टक्. आत्या बॉनेटखाली वाकली. जळक्या रबराचा बारीकसा वास येत होता. वासामागे नाक नेत तिनं एकेका वस्तूला बोट लावून पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला बोट लागलं आणि चटका बसला.

“बंद कर!” तिनं बोट फुंकलं. “दादा, ही केबल का तापते रे?”

“इंजिनाजवळ आहे. तापणारच.”

“इंजिन थंडगार आहे. सकाळपासून एकदाही फिरलेलं नाही.”

दादानं वाकून केबलकडे पाहिलं.

लिफ्टच्या पॅनेलवर आत्यानं हे अनेकदा पाहिलं होतं. विजेला परतीची जाड वाट मिळाली नाही की ती मिळेल त्या बारीक बोळातून घुसते आणि तो बोळ तापतो. केबलमधून वीज जात होती. म्हणजे इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी आपलं काम करत नव्हती. काल इंजिन गरम होतं, थोडक्यात भागलं. रात्रभर गार पडल्यावर त्याला जोर हवा होता.

तिनं डिकीतून जंपर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला.

“फिरव.”

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खारूच्या तोंडून किंकाळीच निघाली. आत्याला मात्र हसू आलं नाही. तिनं गाडी बंद करवली, टॉर्च घेतला आणि जमिनीवर आडवी झाली. गिअरबॉक्सच्या मागे पट्टी लोंबकळत होती. क्लच बदलताना सोडलेली, तशीच.

ती उठली तेव्हा खारू खाली उतरली होती.

“बाबा, तुम्ही मुद्दाम सोडलीत?”

दादानं घसा खाकरला. इकडे तिकडे पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाला, “हो. मुद्दाम. जायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

खारूचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याच्या हातात पाना होता. तो भिरकावून द्यावा असं तिला इतकं वाटलं की बोटं दुखेपर्यंत तिनं तो आवळून धरला. मग पुन्हा खाली पडून तिनं टॉर्च मारला, कारण पट्टीजवळचा एक बोल्ट तिला मघाशी खटकला होता. पट्टीचा बोल्ट जागेवर होता, घट्ट आवळलेला, आणि त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. बोल्ट शेवटचा आवळून झाला की वडील अशी रेघ मारत. दादाही मारायचा. रेघ मारली म्हणजे काम पुरं झालं.

ती सावकाश उठली.

“खोटं बोलतोस. तू विसरलास.”

“मी? विसरलो?”

“बोल्ट आवळलास, रेघ मारलीस आणि खाली पट्टी घालायची विसरलास. मुद्दाम करणारा रेघ मारत बसत नाही.” तिचा आवाज चढला. “लेकीच्या नजरेत दुष्ट ठरलास तरी चालेल, पण कच्चा मेकॅनिक ठरायला नको! लाज वाटत नाही तुला? ती खरं मानून बसली होती, दादा!”

“तुला काय कळतंय गॅरेजातलं...”

“एवढं कळलं ना? पुरे झालं.”

खारूनं आत्याच्या मुठीतून पाना काढून घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीखाली शिरली. बोल्ट काढून तिनं पट्टी बसवली आणि तो पुन्हा आवळला. दहा वाजून गेल्यावर त्या निघाल्या. दादा आपली बॅटरी उचलून चालत गेला.

तंत्रशाळेच्या दारात त्या पोहोचल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दारवानानं नियम दाखवला आणि आत्याचा सकाळपासूनचा सगळा राग त्या गरीब माणसावर कोसळला. आरडाओरडा ऐकून आतून एक परीक्षक आल्या आणि त्यांनी खारूला एक वाजताच्या तुकडीत बसवून घेतलं. नंतर आत्यानं दारवानाची माफी मागितली. तो म्हणाला, “बाई, माझ्या बायकोपेक्षा तुम्ही मवाळच.”

दुपारी दादाचा फोन आला.

“पोहोचलात?”

“पोहोचलो.”

“ते... मुद्दाम नव्हतं गं.”

“मला नको सांगूस. तिला सांग.”

“तिला कसं सांगू?”

“तोंडानं,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

खारूला प्रवेश मिळाला. त्याच आठवड्यात ती आत्याकडे आली आणि सांगू लागली की काल जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, पट्टी विसरलो होतो.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, असू दे बाबा.”

“एवढंच?” आत्या उसळली. “मी असते तर मान वर करायला लावली असती. आणि पुन्हा म्हणायला लावलं असतं!”

“तुझं वेगळं आहे, आत्या,” खारू म्हणाली. “तुझं पंचवीस वर्षांचं आहे.”