पाहुण्यांसाठी ठेवलेली खारीक

मित्रांनो, मी एक जुनी खारीक आहे. जन्म दूरचा, पण आयुष्य गेले मावळातल्या औंढे गावी, कस्तुराबाईंच्या कपाटावर. त्यांचा मुलगा संदेश लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला आहे. दिवाळीत मालकाने त्याला सुक्या मेव्याचा डबा दिला. काजू, मनुका, अंजीर आणि आम्ही, वरून चकचकीत, आरपार दिसणारा कागद. नातवंडाच्या बारशाला पाहुण्यांपुढे ठेवू, असे कस्तुराबाईंनी ठरवले.

तिथेच मी अडकले. कागदातून सगळे घर दिसे, पण बाहेर पडता येत नसे. बारशाला पेढे पुरले, म्हणून डबा पुढच्या पाहुण्यांसाठी राहिला. कस्तुराबाई कंजूष नव्हत्या हो. चांगली वस्तू घरच्यांनीच खाऊन संपवायची, हे त्यांना पटत नसे.

त्यांची सून अनिता बाळंतपणानंतर पिवळी पडली होती. तिचे रक्त कमी आहे, गोळ्या चुकवू नका आणि रोज खारीक, मनुका, अंजीर खाऊ घाला, असे गावच्या आरोग्यसेविका, आशाताई निर्मला बजावून गेल्या. बाजारातून आणू, असे कस्तुराबाई म्हणाल्या. संदेशला कामातून सवड मिळेना. अनिता मान वर करून आमच्याकडे बघायची. पाहुण्यांसाठी ठेवलेले सुनेने मागावे कसे? माझ्यात थोडे लोह आहे, गोडवा आहे. माझी पूड डिंकाच्या लाडवात घालतात, मला दुधात भिजवतात. एवढे असून मी नुसती पडून होते. फार राग यायचा.

एका सकाळी बाळाला घेऊन उठताना अनिताला घेरी आली. कस्तुराबाईंनी बाळ सावरले, पण ती भिंतीला धरून खाली बसली. बाळाला पाळण्यात ठेवून कस्तुराबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कागद टराटरा फाडला. अंजिरांत अळ्या झाल्या होत्या, मनुकांना बुरशी लागली होती. काजू खवट निघाले. आम्ही खारकाच तेवढ्या धड होतो.

"पावन्यांसाटी ठिवलं आन् घरातलंच लेकरू वाळलं. माजंच चुकलं, बाय," त्या म्हणाल्या आणि रडल्या.

त्यांनी खारका पुसून खलबत्त्यात कुटल्या, त्याच दिवशी लाडू वळले. अनिता अर्धा लाडू त्यांना देऊ लागली.

"न्हाई. तू खा. मी हितं बसून बगते."

मैत्रिणी लाडवांत गेल्या. मी एकटी दुधाच्या वाटीत भिजते आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही असा डबा असेल, तर आजच उघडा. पाहुणे येतील तेव्हा येतील, आधी घरातल्या माणसांचे चेहरे नीट बघा.

अनिताने वाटी उचलली आहे. मी निघते.