पातळ पत्रा

भोक हरभऱ्याएवढं होतं. त्याच्या कडेला पत्रा करडा पडला होता, मग निळा, मग जांभळट, आणि सगळ्यात बाहेर वाळल्या गवतासारखा पिवळा. सगळे रंग बोटाच्या एका पेरात मावले होते. प्रेमलाने तुकडा उचलला तेव्हा तो अजून चटका देत होता.

"काका, झारा करायचा असेल तर तसं सांगा," दुकानदार म्हणाला. "ड्रिल मशीन स्वस्त पडेल."

रामदास हसला. हेल्मेट वर सरकवून म्हणाला, "वायर फार जोरात येतीय ह्या मशीनची. दुसरं दाखवा."

नाना पेठेतल्या या दुकानात प्रेमला नवऱ्याबरोबर कितीदा आली होती, ते आता तिलाही आठवत नव्हतं. खडकीत रामदासचं डेंटिंगचं गॅरेज होतं. अँबॅसिडर आणि फियाटचा जाड पत्रा त्याने उभा जन्म ठोकला, गॅसने जोडला. आता गाड्या आल्या त्या आयटीतल्या पोरांच्या, आणि त्यांचा पत्रा पत्रावळीसारखा. गॅसची ज्योत लागली की लाटा उठायच्या. म्हणून हातात उचलून नेता येईल असं छोटं वेल्डिंग मशीन घ्यायचं, असं ठरलं होतं. पण सळईचं मशीन पत्रा जाळतं, वायरचं मशीन हवं तर सिलिंडर ओढत न्यायचा, बिनसिलिंडरच्या मशीनने ठिणग्या फार उडतात. प्रत्येक मशीनमध्ये त्याला काहीतरी खोट सापडायची, आणि खोट सापडली की तो हुशारल्यासारखा दिसायचा.

खरं कारण प्रेमलाला ठाऊक होतं. सळईच्या मशीनने टाका मारताना डेंटरच्या एका हातात पत्रा असतो, दुसऱ्यात होल्डर. काळी काच धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून नीट बघून घ्यायचं, डोळे मिटायचे आणि टाका मारायचा. लाइनीतले सगळे असंच करत. पण पापणी मिटायच्या आत तो उजेड घुसतोच. कितीतरी रात्री तिने त्याच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधलाच भाग जळालाय, कडेचं दिसेल, पण समोरचं नाही. चष्म्याचा उपयोग नाही.

"मशीन बघू, मग ठरवू," रिक्षात बसताना तो तेव्हा म्हणाला होता. ठरवायचं काय, ते ती विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. गॅरेजमध्ये गाड्या येणं थांबलं होतं. जो कुणी यायचा, त्याला तो सांगायचा, नवीन मशीन येतंय, मग या.

दुकानदाराने दुसरं मशीन जोडलं. "हे बघा, दाबायचं आणि सोडायचं. गॅससारखं पत्र्याला घाम फुटायची, तो वितळायची वाट बघायची नाही."

"माहितीय हो मला."

दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले होते. रामदासने नखाने फट चाचपली, हेल्मेट खाली ओढलं. टिक, टिक, टिक. आवाज एकसारखा, अगदी जुन्या हाताचा. प्रेमलाला क्षणभर बरं वाटलं.

त्याने हेल्मेट काढलं. "हे जमलं."

टाके खरंच सुबक पडले होते, एका ओळीत, एका आकाराचे. फक्त फटीपासून बोटभर बाजूला. दोन्ही तुकडे सुटेच होते.

दुकानदार काहीतरी बोलणार होता. त्याने रामदासकडे पाहिलं, मग प्रेमलाकडे. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, जोड इकडे आहे."

रामदासने बोट फिरवलं. टाक्यांवरून फटीपर्यंत, पुन्हा टाक्यांवर. वेळ लावून.

"कोईमतूरहून एक नवीन येणार होतं म्हणालात," तो म्हणाला. "हलकं."

"येईल की पुढच्या महिन्यात. ठेवू बाजूला तुमच्यासाठी?"

आता हा "मग तेव्हा येतो" म्हणणार, आणि आपण रिक्षा बघायची, हे प्रेमलाला पाठ होतं. तिने पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. आपण बोलून मोकळं व्हावं असं तिला घरी हजारदा वाटलं होतं, पण ते सांगायचं काम त्याचं होतं, तिला ते काढून घेता येणार नव्हतं.

रामदासने हेल्मेट टेबलावर ठेवायला हात पुढे केला. कड सापडेना, तसा पुन्हा चाचपला.

"अहो, द्या इकडे," ती म्हणाली.

त्याने ते तिच्या हातात दिलं आणि दुकानदाराच्या दिशेने, जरा बाजूला बघत, म्हणाला, "ठेवू नका. मला दिसत नाही आता. गॅरेज बंद करतोय मी."