समोरच्या घराची संमती

कलम नऊ. विजेची पाटी अशी लावावी की तिचा उजेड समोरच्या राहत्या घरात पडणार नाही.

अपवाद. समोरच्या घरात राहणाऱ्याने लेखी संमती दिल्यास पाटी लावता येईल. संमतीची मुदत देणाऱ्याने ठरवावी. मागणाऱ्याने दर खेपेस स्वतः जाऊन ती घ्यावी.

केशवरावांनी हे लिहिलं तेव्हा भोरात विजेची एकही पाटी नव्हती. वीजच नवी होती. नदीच्या अंगाला इंजिन बसलं होतं. दिवेलागणीला ते धडधडायला लागायचं आणि बाजारपेठेतले खांब पिवळे व्हायचे. पुण्यात दुकानांवर विजेच्या पाट्या आल्या आहेत, उद्या इथंही येतील, तेव्हा आधीच नियम करून ठेवावेत असं कचेरीत ठरलं आणि काम कारकुनाकडे आलं. कारकून केशवराव. त्यांनी पुण्याच्या नियमांची नक्कल मागवली आणि अंतराचे हातांतले आकडे भोरच्या रस्त्यांच्या मापाने कमी केले. बाजारपेठेत पाटी चालेल, राहत्या आळीत चालणार नाही. देवळापासून पन्नास हातांच्या आत नाही. वैद्य, सुईण आणि औषधाचं दुकान यांना आळीतही मोकळीक.

आठ कलमं नकलेतली. नववं त्यांचं स्वतःचं.

त्यांची पत्नी सौदामिनीबाई तेव्हा माडीवरच्या पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. रस्त्यावरच्या खांबाचा पुसट उजेड खिडकीतून आला तरी डोळ्यांवर पदर ओढून घ्यायच्या. समोर उद्या कोणी पाटी लावली तर? म्हणून नववं कलम. उजेड पडतो की नाही हे ठरवायचं कसं, तेही त्यांनी लिहून ठेवलं. घरातला दिवा मालवावा. घरात राहणाऱ्या इसमास पाटीच्या उजेडात छापील मजकूर वाचता आला, तर उजेड पडतो असे समजावे. कचेरीच्या माणसास नव्हे, राहणाऱ्या इसमास. सोसायचं असतं ते राहणाऱ्याला.

कलम मंजूर झालं. त्याच साली सौदामिनीबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. पुढे केशवरावांना पेन्शन झाली.

कलम राहिलं.

*

एकेचाळीसच्या दसऱ्याला समोरच्या गाळ्यावर पाटी लागली.

गाळा गेनबा शिंप्याचा. हा गुंजवण्याचा. बायको बनाबाई गावी भातशेती बघायची आणि हा भोरात सदरे-कोपऱ्या शिवायचा. पाटी म्हणजे पत्र्याची पेटी. पुढच्या पत्र्यात अक्षरं कापून काढलेली, आतून पतंगाचा लाल कागद चिकटवलेला आणि मध्ये एक दिवा. गेनबा टेलर. महाडकडची शेवटची मोटार अंधार पडता पडता यायची. तिच्यातून उतरलेल्या हिर्डोशीच्या, घाटाखालच्या माणसांना पेठेच्या तोंडावरूनच ही अक्षरं दिसायची. वाचता न येणारेसुद्धा लाल उजेडाच्या खुणेवर यायचे. नाही तर स्टँडजवळच्या मोठ्या शिंप्याकडे जाणं सोपं होतं.

आणि केशवरावांच्या भिंतीवर, सौदामिनीबाईंचा पलंग होता तिथं, लाल डाग पडला.

*

    संमतिपत्र
    लिहून देतो ऐसाजे की, समोरील इसम गेनबा शिंपी यांचे पाटीस माझी हरकत नाही. मुदत एक

मुदत एक वर्ष, असंच लिहायचं होतं. ‘एक’ लिहून झालं. गेनबा आला तेव्हा वहाणा हातात घेऊन दारातच उभा राहिला होता. त्याला आत बसवून स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि त्याने भिंतीवरचा डाग बघून म्हटलं होतं, हितं तर दिवाळीच हाय की. केशवरावांनी टाक दौतीत बुडवला.

    महिना.

*

नोव्हेंबर. गेनबा एक तारखेला आला. सही, चहा. गुंजवण्यात भात झोडून झालं.

डिसेंबर. सही, चहा. राजगडाखाली थंडी कशी पडते ते त्याने सांगितलं. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, “भाऊसाहेब, लगीन एकदा लागलं की जलमाचं लागतं. तुमची सही मातुर दर म्हैन्याला नवी.” केशवराव हसले. तो गेल्यावर पुन्हा एकदा हसले.

जानेवारी. साखर आदल्या दिवशीच आणून ठेवली.

फेब्रुवारी. एक तारीख गेली, दोन गेली. मुदत संपूनही पाटी लावल्याबद्दल कचेरीस अर्ज लिहून काढला. तिसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली तेव्हा तो गादीखाली सरकवला.

जुलै. भाताच्या आवणीसाठी गेनबा गावी. पाटी बंद. भिंत काळी.

ऑगस्ट. आला. एक केळीचा घड घेऊन आला.

बाकीच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. केशवराव संध्याकाळी कंदील लावायचे बंद झाले. खुर्ची डागाच्या जवळ ओढून बसायचे. इंजिन दमलं की डाग फिका व्हायचा, मग पुन्हा भरायचा. विझला की समजायचं, गेनबाने दुकान बंद केलं. मग जेवायचं. असं दोन वर्षं.

*

त्रेचाळीसच्या थंडीत नवीन हुकूम चावडीवर लागला. लढाईमुळे इंजिनाच्या तेलाचा तुटवडा. सबब विजेच्या पाट्या आठ वाजता मालवाव्यात. कलम नऊचा अपवाद रद्द. ज्या पाटीचा उजेड समोरच्या घरात पडतो ती पंधरा दिवसांत उतरवावी. पाहणी कचेरीचा कारकून करील.

अख्ख्या भोरात विजेच्या तीन पाट्या. पहिली औषधाच्या दुकानाची, त्याला मोकळीक; दुसरीच्या समोर धान्याचं कोठार. हुकूम गेनबापुरता होता म्हटलं तरी चालेल. गेनबापुरता आणि त्याच्या समोरच्यापुरता.

केशवरावांनी कागद घेतला.

    अर्जदाराची विनंती अशी की सदर अपवाद कायम ठेवावा. कारण शिंप्याचा धंदा
    कारण अर्जदारास उजेडाचा उपद्रव
    कारण

एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांना त्यांनी शब्द पुरवले होते. विहिरीच्या भांडणाला, पडक्या भिंतीला, चोरीला गेलेल्या म्हशीला. या अर्जाचं ‘कारण’ त्यांना लिहिता येईना. कागद घरी ठेवून ते तसेच कचेरीत गेले.

त्यांच्या जागेवर आता वसंत होता. तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकलेला. उभा राहिला, खुर्ची दिली. म्हणाला, हुकूम वरून आला आहे, पण त्यात तुमची सोयच झाली. दर महिन्याला तो शिंपी माडीवर येऊन बसतो आणि तुम्ही भिडेखातर सही देता, हे कचेरीत सगळ्यांना माहीत आहे.

“त्रास असा काही नाही,” केशवराव म्हणाले.

“तुम्ही असंच म्हणणार.”

केशवरावांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि पुन्हा टाचण्यांच्या डबीत टाकली. मग प्रकृतीचं, पावसापाण्याचं विचारून ते घरी आले.

*

महिन्याच्या मध्यावर, भलत्याच दिवशी, जिन्यात पावलं वाजली. केशवरावांनी धांदलीने स्टोव्हला पंप मारला आणि दोन माणसांचं आधण ठेवलं.

गेनबा बसला नाही. हातात पत्र्याची झापड होती, घोड्याच्या डोळ्यांना लावतात तशी, पण हातभर लांब. भाटघरच्या लोहाराकडून करून आणली होती. ती पाटीच्या डोक्यावर बसवायची, म्हणजे उजेड सगळा खाली रस्त्यावर पडेल, माडीवर काही जाणार नाही. पाटीही वाचेल. लोहाराने दोन दिवस नुसतं हेलपाटायला लावलं, पण काम चोख केलं, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. तो खुशीत होता.

“दोन वरसं तुमी लई सोसलं, भाऊसाहेब. डोळ्यांवर उजेड घेऊन बसलासा आन् कदी तोंड वाकडं केलं न्हाई. मला म्हाईत न्हाई का? आता टिपूस पडायचा न्हाई तुमच्या भितीवर. सहीचा बी तरास मिटला.”

“चहा घेऊन जा,” केशवराव म्हणाले.

“आज ऱ्हाऊंद्या. उजेड हाय तवर झापड बसवून घेतो.”

त्याने झापड खाली ठेवून दोन्ही हात जोडले, पुन्हा उचलली आणि जिना उतरला. समोरून हातोडीचा आवाज येऊ लागला. केशवराव ऐकत बसले. आधण आटून गेलं.

*

पाहणी. संध्याकाळी सात.

वसंत वर आला. बगलेत छापील वर्तमानपत्र. गेनबा खाली रस्त्यावर, मान वर करून उभा. खोलीत दिवा नव्हताच, त्यामुळे मालवायचा प्रश्न आला नाही.

भिंत काळी होती. लोहाराचं काम खरंच चोख होतं. फक्त झापडेच्या कोपऱ्यात एक खिळा बसायचा राहिला होता. त्या भोकातून बोटभर रुंद लाल पट्टा खिडकीतून येत होता आणि केशवरावांच्या खुर्चीच्या हातावर पडत होता. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वसंताला खुर्चीच्या पाठीमुळे तो दिसत नव्हता. खुर्चीत बसणाऱ्यालाच दिसेल असा होता.

“मी पाहून उपयोग नाही,” वसंत म्हणाला. “कलमात राहणारा इसम म्हटलंय. कलम तुमचंच.” त्याने वर्तमानपत्र पुढे केलं.

केशवराव खुर्चीत बसले. कागद मांडीवर उघडला. पट्टा कागदावर आला आणि त्यात एक ओळ उभी राहिली. केस गळत असल्यास आजच मागवा. अक्षरन् अक्षर स्पष्ट. खालची ओळही अर्धी दिसत होती.

वाचता येतं म्हटलं, तर पाटी उतरेल. मोटारीतून उतरलेली माणसं स्टँडजवळच थांबतील. गेनबा दोन हंगाम कळ काढील आणि मशीन डोक्यावर घेऊन गुंजवण्याला जाईल.

वाचता येत नाही म्हटलं, तर पाटी राहील. जिना वाजायचं काही कारण उरणार नाही.

तिसरं काही म्हणता आलं असतं तर. कलम लिहिताना त्यांनी दोनच उत्तरांची जागा ठेवली होती.

“केशवराव? येतंय का वाचता?”

एकतीस वर्षांत त्यांनी एकही खोटा शेरा मारला नव्हता. कोणाच्या शिफारशीने नाही, कोणाच्या धाकाने नाही. त्यांनी कागद थोडा डावीकडे सरकवला. ओळ गेली.

“नाही,” ते म्हणाले. “अंधार आहे.”

वसंताने खाली खांबाच्या उजेडात शेरा लिहिला आणि सहीसाठी पुन्हा वर आणला.

    समक्ष पाहणी केली. समोरचे घरात पाटीचा उजेड पडत नाही. घरात राहणारे इसमाची सही

केशवरावांनी अंदाजाने सही केली. खालून गेनबाने ओरडून विचारलं, काय झालं? वसंताने खिडकीतून हात हलवला. गेनबाने डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुकानात गेला. मशीन सुरू झाली.

*

एक तारीख.

दोन तारीख.

पट्टा रोज यायचा. केशवराव त्यात हाताचा तळवा धरून बघायचे. एक बोट लाल व्हायचं, फार तर दीड.

पाच तारखेला ते खाली उतरले. रस्ता ओलांडून जायला वीस पावलं लागली. दोन वर्षांत ही वीस पावलं त्यांनी कधी टाकली नव्हती, हे त्यांना दुकानाच्या पायरीशी आल्यावर लक्षात आलं.

गेनबा काज करत होता. बघून उठला.

“भाऊसाहेब? कागुद आलाय का कसला?”

“नाही.”

“शिवायचं हाय काई?”

“नाही, कापड नाही आणलं.”

“मंग?”

केशवरावांचे हात नुसते मोकळे होते, एखादा कागद असता तर पुढे करता आला असता.

“सहज,” ते म्हणाले.

गेनबाने बाकावरच्या चिंध्या सरकवल्या. “बसा की.” केशवराव बसले. गेनबा पुन्हा काजाला लागला. सकाळपर्यंत द्यायचं होतं, धारमंडपाच्या कोण्या पाटलाचं. माडीवर चहा होता, सही होती, सहीनंतर चहा संपेपर्यंतचा वेळ होता. इथं गिऱ्हाईक आणि शिंपी एवढ्याच दोन जागा होत्या.

केशवरावांनी वर पाहिलं. पाटीचा उजेड सगळा रस्त्यावर पडला होता. त्याच्या पलीकडे त्यांची माडी. खिडकी उघडीच होती, तरी आत काही दिसत नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, घर रिकामं आहे.

“किती वाजलं, भाऊसाहेब?” गेनबाने मान वर न करता विचारलं. “आठाला मालवायची हाय.”

केशवरावांनी कोटातून घड्याळ काढलं आणि पाटीच्या उजेडात धरलं. स्वच्छ दिसत होतं.

“तीन मिनिटं आहेत,” ते म्हणाले, आणि बसून राहिले.