दीडपट डोंगर

ऑफिसात त्यांना सगळेच मामा म्हणायचे, कारण एकीचे ते खरोखरचे मामा होते. भाची नवी आर्किटेक्ट. मामा गेली तीस वर्षं पुठ्ठा आणि लाकूड कापून इमारतींची मॉडेलं करत होते. तिला या नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच, साहेबांच्या दहादा विनवण्या करून.

निसर्गसंग्रहालयाचं काम आलं तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं: इमारत त्या भागातली वाटली पाहिजे. समोरच्या रस्त्यावरून बघितलं की छताची रेघ आणि तिच्यावर डोंगरमाथ्याची रेघ, दोन्ही एकाच वळणाने गेल्या पाहिजेत. तिथले डोंगर बुटके आणि पसरट. मामांनी मॉडेल केलं आणि त्यांच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे डोंगराची उंची दीडपट ठेवली. खऱ्या मापाने केला तर डोंगर टेबलावर झोपूनच राहतो, मग बघणाऱ्याला तो दिसणार कसा?

"छत या मॉडेलवरून काढू नकोस हं," ते भाचीला म्हणाले. "उंची दीडपट आहे. साहेबांच्याही कानावर घाल."

"हो रे मामा," ती म्हणाली, आणि मॉडेलला डोळा लावून तिने छत काढलंच. रेघ इतकी देखणी उतरली की मोडवेना. साहेबांनी ती बघितली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "संग्रहालयाच्या पाटीवर माझ्या नावाखाली हिचं नाव लागणार!"

अशा वेळी दीडपट कोणाला आठवतं? तिला आठवलं, खोटं कशाला बोला. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग पाया भरला, भिंती चढल्या, आणि निभावून जाईल अशी तिने स्वतःची समजूत घातली.

निभावलं नाही. दीडपट डोंगराच्या मापाने काढलेलं छत पूर्ण झालं त्या दिवशी रस्त्यावरून डोंगर दिसेनासा झाला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच अख्खा इमारतीमागे गडप! वरून चौकशी समिती नेमली गेली.

समिती बसायच्या आदल्या दिवशी साहेबांनी भाचीला आत बोलावून दार लावलं.

"कोणीतरी एक घरी जाणार. तू, नाहीतर तुझे मामा. त्यांची नोकरीची दोनच वर्षं उरलीत, तुझं सगळं आयुष्य पुढे आहे." मग त्यांना कोटी सुचली. "मामालाच मामा बनवायचं, दुसरं काय!"

साहेब हसले. भाचीही हसली, आणि हसल्याबद्दल रात्रभर स्वतःला शिव्या देत बसली. पण तिचं ठरलं होतं, आणि ते हसण्याच्या आधीच ठरलं होतं.

समितीची तीन माणसं लांब टेबलाशी बसली होती. मध्ये मॉडेल, भिंतीशी खुर्चीवर मामा.

"उंची वाढवलेली आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही," भाची म्हणाली. "मॉडेल करणाऱ्यांनी सांगितलं नाही."

'मामा' म्हणायला जीभ रेटेना, तेवढी लाज शिल्लक होती. सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामांनी तिच्याकडे बघितलं. ती मॉडेलकडे बघत होती.

"राहिलं असेल सांगायचं," मामा म्हणाले. "वय झालं आता."

दुपारीच त्यांना घरी जायला सांगितलं. संध्याकाळी भाची घरी पोचली तर मामा तिच्या आईसमोर बसलेले. तिने चपला काढायला उगाच वेळ लावला.

"हा सांगत होता," आई कौतुकाने म्हणाली, "एवढ्या मोठ्या लोकांसमोर तू एकदासुद्धा अडखळली नाहीस म्हणे. आणि याने नोकरी सोडली, ते तू बोलली का नाहीस? आराम करणार म्हणतोय. जा, मामाला पाणी आण."

म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. माठातलं गार पाणी घेऊन ती त्यांच्यासमोर वाकली.

मामा उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पेला घेतला.

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" ते तिला म्हणाले.

आईला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. ती खळखळून हसली.