आमच्यातलेच

माझा स्वतःचा चेहरा दारापेक्षा मोठा झालेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या हातात दुधाची किटली होती आणि डोक्याला चपचपीत तेल.

नगरच्या सावेडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौक आहे. तिथल्या खांबांना रातोरात फ्लेक्स बांधला होता. निळ्या रंगावर मधोमध मी, आणि इतकी गोरी की क्षणभर मलाच माझी ओळख पटेना. वर एका कोपऱ्यात बुद्ध, दुसऱ्या कोपऱ्यात बाबासाहेब. खाली ठसठशीत अक्षरं: ‘जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत प्रथम! आमची वाघीण कु. संबोधी भीमराज गायकवाड हिचे हार्दिक अभिनंदन!’ आणि सगळ्यात खाली शुभेच्छुक, म्हणजे माझा कचरूमामा, गॉगल लावून, मोबाईल कानाला.

आई शप्पथ, मी जागच्या जागी उडी मारली! गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. आणि आता ‘मोबाईल : शाप की वरदान’वर बोलून मी अख्खा जिल्हा मारला होता. इस्त्रीवाले काका फ्लेक्सकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा फ्लेक्सकडे. मी त्यांना हात केला.

आणि मग हात पटकन खाली घेतला. कारण याच चौकातून छबूकाकू रोज सकाळी देवळात जातात.

छबूकाकू म्हणजे आमच्या घरमालकीण. मूळच्या सोनईच्या. खाली त्या आणि मच्छिंद्रकाका, त्यांचा मुलगा सुनीलदादा पुण्यात, वर आम्ही. घर बघायला आलो तेव्हा काकूंनी विचारलं होतं, “आडनाव काय म्हनला?”

पप्पा म्हणाले, “गायकवाड.”

काकूंचा चेहरा एकदम खुलला. “मंग आमच्यातलेच की!”

आणि पप्पा हसले. बस्स. खोटं कुणीच बोललं नाही. गायकवाड त्यांच्यातही असतात, आमच्यातही असतात. पण त्या एका हसण्यावर आमचं अख्खं घर उभं होतं. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत गेला. मामाचा फोन आला की मम्मी ‘जय भीम’ दार लावून म्हणायची. आणि मला जिन्यात, गच्चीवर, गेटपाशी फक्त ‘सोनू’ म्हणायचं, असं ठरलं. लाडाचं नाव आहेच माझं ते, म्हणजे तेही खोटं नाही.

हे सगळं कशासाठी, तर आधीच्या ठिकाणी मालकांना कळलं आणि आठवड्याभरात त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. “खोल्या लागतील हो आम्हाला,” म्हणाले. तो मुलगा अजून बिनलग्नाचा फिरतोय आणि खोल्यांना कुलूप आहे. इथला करार पुढच्या महिन्यात संपतोय. माझं दहावीचं वर्ष. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची खिडकी आणि खिडकीखाली टेबल मिळालंय.

मी तशीच रिकामी किटली घेऊन पळत घरी आले. मम्मीने ऐकलं आणि तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पप्पा पाटबंधारे खात्यात आहेत, त्या दिवशी कामाला राजूरकडे गेलेले. तिने मामाला फोन लावला.

“कचरू, अरे तो फ्लेक्स काढ बाबा.”

“का गं आक्का? रंग आवडला न्हाई व्हय?”

“तसं नाही रे.” मम्मीने माझ्याकडे पाहिलं. “महापालिकेची गाडी फिरतेय म्हणे. विनापरवाना फ्लेक्सवाल्यांना दंड करतायत.”

“मंग करू दे की! मी परवानगी काढलीय. जिंदगीत पहिल्यांदा काढलीय, भाचीसाठी!”

मम्मीने डोळे मिटले. “तरी काढ. तुझ्या पाया पडते.”

 मामा हळूच म्हणाला, “येतो शिडी घिऊन.”

मला मामाचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू! पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मम्मीने मला जिन्याकडे ढकललं. “मामा येईपर्यंत काकूंना बाहेर जाऊ देऊ नकोस. काहीही सांग. वक्तृत्ववाली ना तू?”

खाली काकू चपला शोधत होत्या. “काकू, मी आणते ना तुमचं दूध!” “दूध मी येताना आनीन.” “डेअरी बंद आहे आज.” “मंग देवळात तरी जाऊन येते.” मी विचारलं, गुडघा दुखत होता ना तुमचा? तर म्हणे, चाललं की बरा होतो. मी वर पळाले, मम्मीने मान हलवली, मामा अजून निघालेलाच नव्हता. मी खाली पळाले. काकूंच्या एका पायात चप्पल होती, दुसरी मी पायाने कुंडीमागे ढकलली. तेवढ्यात त्यांना कुणाचा तरी फोन आला. काकू गेटपाशी उभ्या राहून खुशाल म्हणाल्या, “आगं, मी बँकेत हाय, मागनं बोलते.” त्यांचं हे नेहमीचंच. नको असलेला फोन आला की काकू बँकेत असतात, रविवारीसुद्धा. एरवी मी हसले असते.

चप्पल सापडली. मग माझ्या तोंडून निघालं, “काकू, चौकात पिसाळलेलं कुत्रं आलंय!”

“आगं बाई! चावलं का कुनाला?”

“इस्त्रीवाल्या काकांना. म्हणजे, चावणारच होतं.”

आता या आत जातील, असं मला वाटलं. आणि त्या गेल्याही. पण आतून मच्छिंद्रकाकांची काठी घेऊन परत आल्या.

“चल,” म्हणाल्या. “तुला शाळेला-क्लासला त्याच रस्त्यानं जायाचं असतं. हाकलून येऊ मुडद्याला. तू माझ्या मागं ऱ्हा. चावलं तर मला चावू दे, तुझी परीक्षा हाय.”

झालं.  मी रचलेल्या कुत्र्यापासून त्या मला वाचवायला निघाल्या होत्या.

“काकू, कुत्रं नाहीये.”

“मंग कोन हाय?”

“मी आहे. चौकात मी आहे. चला, दाखवते.”

वरून मम्मीने “सोनू!” अशी हाक मारली. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत फिरले असते.

काकू फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि काठीच्या टोकाने एकेक अक्षर लावायला लागल्या. “सं... बो... धी. ही कोन?”

“मी.”

“आन सोनू?”

“तीपण मीच.”

मग त्यांची नजर वर गेली. एका कोपऱ्यात. मग दुसऱ्या. इस्त्रीवाल्या काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, काहीतरी बोला, ओरडा, काहीही. त्या एवढंच म्हणाल्या, “फोटू झ्याक आलाय,” आणि वळल्या.

परत येताना त्या पुढे आणि मी मागे. गेटपाशी आल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमचा सुनील म्हनत हुता, यंदा इकडंच यावं ऱ्हायला. वरच्या खोल्या...”

“काकू,” मी म्हणाले. जिल्ह्यासमोर बोलले होते तशी, न अडखळता. “सुनीलदादाने पुण्यात फ्लॅट घेतला. त्याचे पेढे परवाच खाल्लेत मी. तुम्हीच दिलेत.”

 काकूंनी काठी गेटला टेकवली.

“आन तुझं ते कुत्रं?”

“खोटं होतं. डेअरीपण उघडी आहे. चप्पल मीच लपवली होती.”

“अन् तुझ्या बापानं का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही म्हणालात, आमच्यातलेच. पप्पा हसले.”

“हसला खरा,” काकू म्हणाल्या. 

फोन वाजला. काकूंना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडच्या बंगल्यातल्या बनुबाई होत्या. “अवो छबूबाई, चौकातला बोर्ड बघितला का? ती तुमच्या वरचीच पोरगी न्हवं?”

आता काकू बँकेत जाणार, असं मी धरूनच चालले होते.

“व्हय,” काकू म्हणाल्या. “वरचीच.”

“म्हंजी तुमाला म्हाईत हुतं?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “न्हाई. आत्ताच कळलं.”

“अगं बया! मंग आता वो?”

“मंग काय ते मी बघीन,” म्हणत काकूंनी फोन बंद केला. हातातला मोबाईल त्या पदराने उगीचच पुसत राहिल्या. “मला काय वाटतंय ते मलाच कळंना पोरी,” म्हणाल्या. “राग आलाय, पन कुनाचा त्ये ठरंना. संध्याकाळी बापाला खाली पाठव. म्हनावं, खोल्यांचं बोलायचं हाय. आन म्हनावं, या बारीला नुसतं हसू नको.”

मम्मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“माहीत नाही मम्मी. राहू देतील की नाही, खरंच माहीत नाही.”

ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. मग तिने तिथेच, उघड्या जिन्यात, फोन लावला. “कचरू, जय भीम. कुठे पोचलास?”

“चौकात. शिडी लावलीय.”

“उतर खाली. राहू दे तो फ्लेक्स.”

“आक्का, तुझं नक्की काय चाललंय? दंड?”

“दंड-बिंड काही नाही. मी खोटं बोलले होते. घरी ये, चहा घे. आणि थांब जरा, दूध आणायला संबोधी येतेय तिकडे.”

खालून काकूंचा आवाज आला, “आमचं बी आन गं दूध. उघडी हाय न्हवं डेअरी?”

मी आमची आणि काकूंची, दोन्ही किटल्या उचलल्या आणि पळाले.